छोट्या दुकानदाराने क्रेडिट कार्ड कोणते घ्यावे?

गेल्या महिन्याभरात आमच्या टिटवाळ्याच्या दुकानात क्रेडिट कार्ड देणारे तीन तरुण येऊन गेले. तिघांच्या गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि तोंडी एकच वाक्य: "चाचा, पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरा." तिघांच्याही तोंडून व्याजाचा दर मात्र निघाला नाही. मी विचारला तेव्हा एकाने "तुम्ही वेळेवर भरणारच ना, मग दर कशाला विचारता?" असे हसत उत्तर दिले. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ताग्याची किंमत विचारली असता "तुम्ही घेणारच ना" असे आम्ही गिऱ्हाइकाला सांगितले तर तो दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

परंतु या विषयावर लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. आता दुकानाचा हिशेब माझा मुलगा पाहतो. त्याचे म्हणणे असे की, "अब्बा, दुकानाच्या नावाचे एक कार्ड असले पाहिजे, वीज बिल, गाडीभाडे, कॉम्प्युटरचा खर्च, सगळे एका जागी येईल." त्याचे म्हणणे चुकीचे नाही. माझ्या मनात मात्र २०१९ सालची एक आठवण आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढची आकडेमोड कोरडी वाटणार नाही.

२०१९ साली रमजान ईद ५ जूनला आली. मे महिन्याच्या मध्यास ड्रेस मटेरियलचा एक लॉट स्वस्तात मिळत होता, पण माल देणाऱ्याची अट रोख पैशाची. माझे पैसे त्या वेळी गिऱ्हाइकांकडे अडकलेले. खिशात एका बँकेचे क्रेडिट कार्ड होते, घरखर्चासाठी घेतलेले. मी एटीएमवर जाऊन त्यातून ४० हजार रुपये काढले. मनात हिशेब असा की ईदच्या विक्रीतून महिन्याभरात भरून टाकू. माल विकला गेला, ही खरी गोष्ट. पण निम्मा उधारीवर गेला. बिल आले तेव्हा त्यावर दोन आकडे होते, एक मोठा आणि एक लहान. लहान आकड्यापुढे "किमान देय रक्कम" असे लिहिले होते. मी लहान आकडा भरला. पुढच्या महिन्यातही तोच भरला. असे चार महिने गेले. चार महिन्यांत मी साडेआठ हजारांच्या आसपास भरले होते आणि मूळ ४० हजारांतले सहाशे रुपयेही कमी झाले नव्हते.

हे कसे झाले ते पाहा. रोख काढल्याचे शुल्क अडीच टक्के, म्हणजे एक हजार. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि रोख रकमेला बिनव्याजी मुदत अजिबात नसते, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून. ४० हजारांवर महिन्याचे १,४०० रुपये आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५२. पहिल्याच महिन्यात २,८३२ रुपये गेले. शेकडा सात रुपयांहून अधिक! त्या लॉटमध्ये मला सुटलेला नफा मी इथे लिहीत नाही, वाचकांनी तर्क करावा. अखेर घरच्यांनी भिशीचे पैसे उचलून दिले, तेव्हा ते कार्ड बंद झाले. पैशाचे दुःख होतेच. त्याहून मोठे दुःख असे की आयुष्यभर ज्या सुदापासून अंग चोरत आलो, तो मी स्वतःच्या बोटांनी बटण दाबून घरात आणला होता.

असो. क्रेडिट कार्ड ही चीज आपल्या व्यापाराला वाटते तितकी परकी नाही. मुदतीची हुंडी आपल्या पेठांमध्ये शतकानुशतके चालत आली. माल आज, पैसे अमुक दिवसांनी, आणि मध्ये एक पेढी जिच्या शब्दावर दोन्ही बाजूंचा विश्वास. कार्डाचाही गाभा तोच आहे. पेढीच्या जागी बँक आली. अमेरिकेत डायनर्स क्लबने १९५० साली कार्ड काढले. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. नव्वदच्या दशकात मी कल्याणच्या एका मोठ्या दुकानात पहिल्यांदा कार्ड वापरताना पाहिले. लोखंडी यंत्रात कार्ड ठेवून, वर कार्बनचा कागद लावून दांडा इकडून तिकडे सरकवायचे आणि उमटलेल्या पावतीवर सही घ्यायचे. तेव्हा ती विमानाने फिरणाऱ्यांची वस्तू होती. आज मांडा-टिटवाळ्याच्या बाजारात भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून त्याच कोडवर पैसे देता येतात. वस्तू दारापर्यंत आली आहे, तेव्हा तिची पारख करणे भाग आहे.

पहिला प्रश्न कार्ड कोणते हा नसून कार्डावर खर्च कोणता टाकणार हा आहे. आमच्यासारख्या कापड दुकानदाराचा मोठा पैसा मालात जातो. भिवंडीच्या यंत्रमागाचे कापड, उल्हासनगरची जीन्स, सुरतेच्या साड्या, मुंबईच्या मंगलदास मार्केटमधले शर्टिंग. या बाजारांत दोन भाव असतात हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक मुदतीचा, दुसरा रोखीचा. आणि रोखीवर वटाव मिळतो. समजा, एक लाखाच्या बिलावर आठ दिवसांत पैसे दिले तर ४ टक्के वटाव आहे. खात्यातून पैसे पाठवले तर ९६ हजारांत काम झाले. आता तेच बिल कार्डाने द्यायला गेलो तर वटाव गेला, कारण पेढीवाल्याला कार्डाच्या यंत्रामागे बँकेला दीड-दोन टक्के द्यावे लागतात. उलट पुष्कळ जण वर दोन टक्के मागतात. बँकेशी झालेल्या त्यांच्या करारात असे जादा घेण्यास सहसा मनाई असते, पण पेठेत करार कोण वाचतो? म्हणजे ९६ हजारांच्या मालाला १ लाख २ हजार पडले. दीड महिन्याच्या "बिनव्याजी" मुदतीसाठी सहा हजार रुपये! हा सव्वासहा टक्क्यांचा खर्च बँकेच्या बिलात कुठेच दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. ज्या पेढीकडे आपले नाव चांगले आहे तिच्याकडून सरळ मुदतीची उधारी घ्यावी, नाहीतर वटाव घ्यावा. कार्ड मालाच्या खरेदीसाठी सहसा परवडत नाही, हे माझे मत आहे आणि ते मी कोणाच्याही समोर मांडायला तयार आहे.

मग राहिले काय? वीज बिल, टेलिफोन आणि इंटरनेट, टेम्पोचे डिझेल, रेल्वेची तिकिटे, बिलिंगचे सॉफ्टवेअर, छपाई, ऑनलाइन मागवलेल्या पिशव्या आणि हँगर, दिवे-पंखे. आमच्याएवढ्या दुकानात हा खर्च महिन्याला पंधरा ते पंचवीस हजारांत बसतो. इथे वटाव नसतो, देणाऱ्याला कार्ड चालते आणि महिनाअखेर सगळे खर्च एका कागदावर येतात. कार्डाचा खरा उपयोग हाच. मात्र वीज बिल किंवा भाडे कार्डाने भरताना काही बँका आणि काही ॲप वेगळे शुल्क लावतात. ते आधी पाहून घ्यावे.

एवढ्या खर्चासाठी कोणते कार्ड? दुकानात आलेल्या तिघांपैकी एकाचे कार्ड सोनेरी होते आणि त्यात विमानतळावर बसण्याची सोय होती. टिटवाळ्याहून मी जातो ते कसारा नाहीतर सीएसएमटीच्या लोकलने. विमानतळावरच्या सोफ्याचे पैसे मी कशाला भरू? वार्षिक शुल्काचा हिशेब सोपा आहे. शुल्क १,००० रुपये, त्यावर जीएसटी १८०. कार्ड खर्चावर एक टक्का परत देत असेल तर हे १,१८० रुपये वसूल व्हायलाच १ लाख १८ हजारांचा खर्च लागतो. फायदा त्यानंतर सुरू. "पॉइंट" हा शब्द ऐकला की एका पॉइंटचे किती पैसे, असे विचारावे. कुठे २५ पैसे, कुठे रुपया. पॉइंट कशावर मिळत नाहीत तेही विचारावे; इंधन, वीज बिल आणि भाडे यांना पुष्कळदा वगळलेले असते, आणि आपला निम्मा खर्च नेमका तोच! लहान दुकानाने शुल्क नसलेले अथवा थोड्या खर्चावर शुल्क माफ होणारे साधे कार्ड घ्यावे. रुपेचे असेल तर यूपीआयवरही चालते. लहान व्यापाऱ्याला अशा पद्धतीने दोन हजारांपर्यंत घेतलेल्या रकमेवर शुल्कही पडत नाही, त्यामुळे तो तोंड वाकडे करत नाही. मात्र हे पैसे दुकानाच्या कोडवरच जातात. भिवंडीचा एखादा कारागीर स्वतःच्या खाजगी कोडवर पैसे घेत असेल तर क्रेडिट कार्डातून ते जाणार नाहीत.

आता नावाचा प्रश्न. पुष्कळ दुकानदार स्वतःच्या खाजगी कार्डावर दुकानाचा खर्च करतात आणि त्यातच घरचा किराणा, मुलीची फी आणि लग्नाचा आहेर. वर्षाच्या शेवटी हिशेबनीस डोक्याला हात लावतो. धंद्याच्या नावाचे कार्ड वेगळे असावे. एक तर रोजमेळ स्वच्छ राहतो. दुसरे, बँक जे शुल्क लावते त्यावरच्या जीएसटीची वजावट नियमित जीएसटी भरणाऱ्याला मिळवायची असेल तर बँकेच्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असावा लागतो. कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला ही वजावट नाही, त्याने त्या मोहात पडू नये. तिसरे, वर्षभरात एका माणसाच्या कार्डांचे १० लाख किंवा त्याहून अधिक रुपये भरले गेले तर बँक ते आयकर खात्याला कळवते. रोखीने भरले तर ही मर्यादा एक लाखाचीच आहे. घरचे आणि दुकानाचे एकत्र केलेले असेल तर उत्तर देताना घाम फुटतो. तरी एक लक्षात ठेवावे: एकट्याच्या मालकीच्या दुकानात मालक आणि दुकान कायद्याने एकच. कार्ड दुकानाच्या नावाचे असले तरी थकबाकी आपल्याच नावावर, आपल्याच सिबिलवर चढते. मुलाला किंवा नोकराला जोड कार्ड दिले तर त्याचाही बोजा मूळ कार्डधारकावरच.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांचे जे नियम घातले, त्यात धंद्यासाठीच्या कार्डांची वेगळी सोय आहे. धंद्याच्या ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खात्याला जोडूनही बँक कार्ड देऊ शकते. ज्यांचे कॅश क्रेडिट खाते आहेच, त्यांनी बाहेरचे कार्ड घेण्यापूर्वी आपल्या शाखेत याची चौकशी करावी, कारण त्या खात्याचा व्याजदर कार्डाच्या दराच्या पासंगालाही पुरत नाही. मुद्रा योजनेत २०१५ पासून कर्जखात्याला जोडलेले रुपे कार्ड मिळते, तेही याच जातीचे. शिवाय १ फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी उद्यम पोर्टलवर नोंद असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या खास क्रेडिट कार्डाची घोषणा केली. पहिल्या वर्षी अशी १० लाख कार्डे देण्याचे त्यांनी सांगितले. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, परंतु त्यांना मिळणारा लाभ अग्रक्रमाच्या कर्जापुरताच ठेवला आहे. म्हणून कापड शिवणारा आणि कापड विकणारा यांना बँकेत वेगवेगळे उत्तर मिळू शकते. नोंदणीला सरकार एक पैसा घेत नाही. स्टेशनजवळ हजार रुपये घेऊन नोंदणी करून देणारे बसलेले असतात, त्यांच्याकडे जाण्याचे काही कारण नाही.

ज्यांची आयकराची विवरणपत्रे नाहीत, त्यांना बँक मुदत ठेवीवर कार्ड देते. ठेवीच्या रकमेहून थोडी कमी मर्यादा असते. सोय चांगली, नाव तयार होते. पण ठेवीवरही व्याज येतेच, तेव्हा आपल्या वाचकांपुढे तो प्रश्न पुन्हा उभा राहतो.

त्या प्रश्नाला बगल देऊन या पानावर लिहिणे बरोबर होणार नाही. मी आलिम नाही, कापडवाला आहे. जे वाचले ते सांगतो. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेशी संबंधित आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या बैठकीत असा ठराव केला की, ज्या कार्डाच्या करारात उशीर झाल्यास व्याजाची अट आहे, असे खात्यात रक्कम नसताना चालणारे कार्ड काढणे व वापरणे जायज नाही, मग कार्डधारकाचा इरादा मुदतीत भरण्याचा का असेना. कार्ड देण्याबद्दलचे ठरावीक सेवाशुल्क मात्र त्या ठरावाने चालू दिले. दुसऱ्या बाजूला असे म्हणणारेही आहेत की आजच्या व्यवहारात कार्डावाचून अडत असेल आणि माणूस पूर्ण रक्कम मुदतीत भरण्याची पक्की व्यवस्था करत असेल तर सवलत आहे. आपल्या देशात इस्लामी बँकिंग सुरू करण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा निर्णय २०१७ साली जाहीर झाला, त्यामुळे मलेशिया किंवा आखातात मिळते तसे बिनव्याजी कराराचे कार्ड इथे मिळत नाही. ज्याचे मन मानत नाही त्याने डेबिट कार्ड घ्यावे. वीज बिलापासून रेल्वे तिकिटापर्यंत वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक खर्च त्यावर होतो. फक्त पैसे आधी खात्यात हवेत. आमच्या दुकानातही या मुद्द्यावर दोन जुमे चर्चा चालली. मुलाने आमच्या इथल्या मौलानांचा मशवरा घेतला आणि मग तो माझ्यासमोर काही अटी लिहून घेऊन आला. त्या पुढे सांगतो.

त्याआधी बिलाची तारीख. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि आपल्या धंद्यात तीच सगळ्यात महत्त्वाची. समजा, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख २५. तर ६ मार्चची खरेदी ५ एप्रिलच्या बिलात येते आणि २५ एप्रिलला भरायची. पन्नास दिवस मिळाले. ४ एप्रिलची खरेदीही २५ एप्रिललाच भरायची. मिळाले एकवीसच दिवस. "पन्नास दिवस" हे जाहिरातीतले पन्नास दिवस फक्त बिलाच्या दुसऱ्या दिवशी खरेदी करणाऱ्याचे आहेत. आता यात आपला सण बसवा. २०२४ साली रमजान ईद ११ एप्रिलला झाली. ज्याने ईदच्या तयारीचा खर्च १ मार्चला कार्डावर टाकला, त्याचे बिल ५ मार्चला निघाले आणि पैसे २५ मार्चला द्यावे लागले, ईदच्या सतरा दिवस आधी! तेव्हा माल रॅकवर आणि गल्ला रिकामा. ज्याने तोच खर्च ६ मार्चला केला, त्याला २५ एप्रिलपर्यंत सवड, म्हणजे ईद होऊन दोन आठवडे. पाच दिवसांचा फरक. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, बँकेचे बिल इंग्रजी महिन्यावर चालते. त्यामुळे एका वर्षी सोयीची असलेली तारीख पुढच्या वर्षी गैरसोयीची होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे बिलाचे चक्र किमान एकदा आपल्या सोयीने बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. बँकेचे लोक आपणहून सांगत नाहीत. मागावे.

किमान देय रकमेबद्दल पुन्हा एकदा लिहितो, कारण माणूस तिथेच घसरतो. ६० हजारांचे बिल आहे, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे ३,०००. महिन्याचे व्याज साडेतीन टक्क्यांनी २,१०० आणि त्यावरचा जीएसटी ३७८, झाले २,४७८. भरलेल्या तीन हजारांतून मुद्दलात गेले ५२२ रुपये. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपली. थकलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज आणि पुढच्या प्रत्येक नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. हा दर कोणी रोखणार नाही काय, असे वाचक विचारतील. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक दर ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. तेव्हा कायद्याकडून दराला लगाम नाही, आपल्या हातात आहे तो फक्त पूर्ण रक्कम भरणे हाच उपाय.

यासाठी बँकेत आपोआप भरण्याचा अर्ज मिळतो. त्या अर्जात दोन चौकोन असतात, "पूर्ण देय रक्कम" आणि "किमान देय रक्कम". कार्ड विकणारा मुलगा घाईत दुसऱ्या चौकोनावर खूण करून घेतो, असे मी दोन व्यापाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. स्वतः वाचून खूण करावी, इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला लावावे. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. मलाही हे कागद वाचायला माझ्या लेकीनेच शिकवले, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

आणखी एक प्रकार बाजारात चालतो, त्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. ओळखीच्या दुकानात कार्ड घासायचे, माल काही घ्यायचा नाही, दुकानदार दोन टक्के कापून रोख देतो. एका कार्डाचे पैसे दुसऱ्याने, दुसऱ्याचे तिसऱ्याने. याला "फिरवणे" म्हणतात. यात खोटे बिल फाडावे लागते, म्हणजे जीएसटीतला गुन्हा. बँकेला कळले तर कार्डही बंद आणि यंत्रही बंद. मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी दुकानदारांची कामगारांकडची उधारी एका रात्रीत बुडाली. लोक कोलमडले, पण सावरले, कारण देणेकरी ओळखीचे होते, पेढीवाल्याने दम खाल्ला, मुदत वाढवून दिली. कार्डावर फिरवलेल्या पैशाला असा दम खाणारा कोणी नसतो.

कार्ड नको असेल तर काय? आपल्या संमतीशिवाय बँकेने कार्ड पाठवता कामा नये, आणि सर्व बाकी भरून बंद करण्याचा अर्ज दिला तर सात कामाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड कार्डधारकाला द्यावा लागतो. भरण्याची तारीख चुकली तर तीन दिवस उलटेपर्यंत उशिराचा दंड लावता येत नाही. बँक तक्रार ऐकत नसेल आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ या क्रमांकावर चौकशी होते. "लिमिट वाढवून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा. ओटीपी आपण स्वतः सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच.

आता मुलाने आणलेल्या अटी. त्याने त्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिल्या होत्या. कार्ड एकच, दुकानाच्या नावाचे, वार्षिक शुल्क नसलेले, मर्यादा पन्नास हजारांच्या वर बँकेने दिली तरी घ्यायची नाही. आपोआप भरण्याच्या अर्जात पूर्ण रक्कम. एटीएमची आणि परदेशी व्यवहाराची सोय पहिल्याच दिवशी बंद करायची. २०२० पासून प्रत्येक कार्डाला हे चालू-बंद करण्याची मुभा आहे. मालाचे पैसे कार्डाने कधीही द्यायचे नाहीत. आणि जेवढा खर्च कार्डावर होईल तेवढी रक्कम त्याच संध्याकाळी गल्ल्यातून काढून त्या खात्यात टाकायची, म्हणजे पैसे आधीच बाजूला पडलेले असतील.

मी विचारले, "पैसे आधीच बाजूला काढायचे तर मग कार्ड कशाला?"

तो म्हणाला, "हिशेबासाठी, अब्बा. आणि तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून."

मी एक अट वाढवली. बिल निघण्याची तारीख आणि भरण्याची तारीख दोन्ही, उर्दू कॅलेंडरवर, गल्ल्याच्या वर, मोठ्या अक्षरात. ज्या महिन्यात एक दिवसही चूक होईल त्या महिन्यात कार्ड कात्रीने कापायचे. कापडाच्या दुकानात कात्री शोधायला लांब जावे लागत नाही.